मार्टिनला दिलेली किल्ली

१ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे लोकांना सापडतात आणि आत काहीच नसले की पंचाईत होते.
मी चंद्रशेखर. मलकापुरात कॉम्प्युटर क्लास चालवतो, पण ते पोटापुरते. खरी ओळख ओपन-सोर्स डेव्हलपर. माझे पॅकेज 'तारीखवाणी' आकड्यातली तारीख मराठी शब्दांत करून देते. जगात कुणीही ते फुकट घ्यावे, आपल्या प्रोग्रामला जोडावे. गेल्या आठवड्यात डाउनलोड बारा. नऊ माझेच. पण उरलेले तीन म्हणजे पंचवीस टक्के.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून कोड लिहिणे.

२ सप्टेंबर, सकाळी ८.४०
अलार्म वाजला होता म्हणे. बायकोने, सारिकाने, बंद केला. घरून सपोर्ट नसला की असे होते.

९ सप्टेंबर
तिघांतला एक धम्मरत्न निघाला. पॉलिटेक्निकचा दोस्त, संग्रामपूरला असतो. त्याने तालुक्यातल्या रक्तदात्यांची वेबसाइट केली आहे. रक्तगट टाकला की नावे, फोन नंबर आणि मागच्या रक्तदानाची तारीख दिसते. ती तारीख मराठीत लिहिते माझे पॅकेज. बाकी सगळे त्याचे आहे, पण नजर आधी तारखेवरच जाते.

१५ सप्टेंबर
ऐतिहासिक दिवस. परदेशातून ईमेल! कुणी मार्टिन. तुमचा कोड फार एलिगंट आहे म्हणतो. सारिकाला वाचून दाखवला. एलिगंट माणसाने गॅसचा नंबर लावला का, असे तिने विचारले. लावला नव्हता.

२२ सप्टेंबर
मार्टिनने एक चूक दुरुस्त करून पाठवली. बत्तीस तारीख दिली तरी तारीखवाणी निमूट 'बत्तीस जानेवारी' लिहायची. मी तो तिचा उदारपणा समजत होतो.

३० सप्टेंबर
मार्टिन म्हणतो, तुम्ही इतके बिझी, नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करायचे अधिकार मला द्या, ओझे वाटून घेऊ. मला समजून घेणारा पहिला माणूस.
सारिका भडकली. "ओळख ना पाळख, अन् घराची चाबी काऊन देऊन राह्यले त्याले? तोंड तरी पाह्यलं का त्याचं?"
तिला समजावले, की ओपन-सोर्समध्ये तोंड पाहत नाहीत, कोड पाहतात. अधिकार दिले.

११ ऑक्टोबर
मार्टिनची पहिली आवृत्ती बाहेर. कोड पाहिला. एका फाइलीत एकच ओळ, आडवी सरकवत गेलो तर संपेचना. नुसती अक्षरे-आकडे, अर्थ शून्य. याला म्हणतात दर्जा! विचारले तर म्हणाला, टेस्ट डेटा. माझाही तोच अंदाज होता.

१९ ऑक्टोबर
डाउनलोड एकेचाळीस हजार!! मार्टिनने तारीखवाणी एका मोठ्या कॅलेंडर पॅकेजला जोडून दिली. ते जो घेईल त्याच्याकडे आपले आपोआप जाते. क्लासच्या पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' रंगवून घेतले. पेंटरने एक 'र' खाल्ला. लांबून कळत नाही.

२३ ऑक्टोबर
सत्काराचे भाषण लिहायला घेतले. सत्कार ठरलेला नाही, पण ऐनवेळी धावपळ नको. आभारांत सारिका चौथी. तिला दाखवले नाही.

२७ ऑक्टोबर, सकाळी ७
पाच ईमेल. सगळे इंग्रजीत, सगळे रागावलेले. म्हणतात, तारीखवाणीत घातक कोड आहे. ती लांब ओळ म्हणजे चोर प्रोग्राम. पॅकेज ज्या मशीनवर बसेल तिथले पासवर्ड गोळा करून बाहेर पाठवतो. निव्वळ हेवा. मार्टिनला लिहिले: आरोप होत आहेत, खंबीर राहा.

दुपारी १
मेल परत आला. असा पत्ताच नाही. घाबरला असेल बिचारा.

दुपारी ४
धम्मरत्नचा फोन. त्याच्या सर्व्हरचा पासवर्ड गेला, रक्तदात्यांची यादी पुसली, जागेवर जुगाराची जाहिरात. आणि त्याच्या शेजारच्या झुंबरबाईंची सून बाळंतपणासाठी खामगावला नेली आहे. ओ निगेटिव्ह रक्त हवे. यादीत चौघे होते.
"चौघायचे नंबर गेले बे! अन् अपडेट मी काऊन केलं माहीत हाय? तुयं नाव होतं म्हणून."
मी सांगणार होतो की बॅकअप ठेवायला हवा होता. त्याने आधीच फोन ठेवला. बरे झाले.

संध्याकाळी ६
भाषणाचा कागद फाडला. दोनदा फोन हातात घेतला. नंबर लावला नाही.

२८ ऑक्टोबर
फोन शेवटी सारिकाने केला. धम्मरत्न मोटरसायकलवर गावोगाव फिरला, आठवेल त्याच्या दारात गेला. गोविंदा म्हणून एकजण कापूस वेचताना सापडला. शाळेच्या निशिगंधा मॅडम भाजी चिरत होत्या, विळी तशीच ठेवून निघाल्या. सून वाचली. मुलगी झाली.
सारिका एवढे सांगून आत गेली. मी जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

३१ ऑक्टोबर
पॅकेजांच्या साइटवरून तारीखवाणी काढून टाकली गेली. जाहीर निवेदन लिहिले, 'मीही पीडित'. सारिकाने वाचले. "याच्यात माफी कुठी हाय?" दुसऱ्या खर्ड्यात माफी नवव्या परिच्छेदात आली. तिसरा खर्डा दोन ओळींचा झाला: न वाचलेला कोड मी माझ्या नावावर जाऊ दिला. चूक माझी.
तोच पाठवला. पासवर्ड दोनदा चुकीचा टाकला. उपाशी असल्यामुळे.

८ नोव्हेंबर
नांदुऱ्याला बस बदलून संग्रामपूर. धम्मरत्न दार उघडून परत कामाला लागला. त्याची बायको समता हिने चहा दिला आणि रक्तपेढीतून मागून आणलेले जुन्या शिबिरांच्या फॉर्मांचे गाठोडे पुढे ठेवले. दिवसभर एकेका दात्याला फोन करून यादी पुन्हा भरली. दोनशे बारा नावे. अठरा जणांनी मला फ्रॉड समजून शिव्या दिल्या.
संध्याकाळी धम्मरत्न म्हणाला, "तुयं नाव टाकू का साइटवर?"
गहिवरून आले. म्हटले, नको रे, आणि टाकलेच तर 'मुख्य डेव्हलपर' एवढेच टाक.
"रक्तदाता म्हणून इचारून राह्यलो बे."

९ नोव्हेंबर
रक्तदान शिबिर. धम्मरत्न सोबत. बाही वर करून रांगेत पहिला उभा राहिलो. बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन अकरा. किमान साडेबारा लागते. मशीन खराब असेल म्हटले. दुसऱ्या मशीनवर दहा पॉइंट नऊ.
नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही देनाऱ्यात नाही, घेनाऱ्यात बसता."
धम्मरत्न तेरा दिवसांत पहिल्यांदा हसला. इतका, की रक्त दिलेल्यांसाठी मांडलेल्या कॉटवर त्याला बसवावे लागले.