दोनचा १२७७वा घात वजा एक, आणि सुदर्शनला काहीही नाही

...आणि बाबा, "तेविसाव्या वर्षी कोण मृत्युपत्र करतं गं?" याचं उत्तर साधं आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलतायत, आणि माझ्यामागे कोण काय उचलून नेईल ते मला चांगलं माहितीये.

मी, उत्कर्षा हिंदुराव खांदवे, राहणार विश्रांतवाडी, पुणे, पूर्ण शुद्धीत आहे. दबाव कुणाचाही नाही. डोकं ठिकाणावर आहे, फक्त तापलंय. मराठी चुकली तर इंग्लिश मीडियमला तुम्हीच घातलंत.

१. माझा कॉम्प्युटर धाकट्या समर्थला. अट: गेम नाही. तो कॉम्प्युटर चौदा महिने एकाच नंबरचा फॅक्टर शोधतोय. दोनचा १२७७वा घात वजा एक, ३८५ आकडी. हा प्राइम नाही हे सिद्ध झालंय, पण त्याला कशाने भाग जातो हे अजून कुणालाच माहीत नाही. एवढंच कळतं की जो फॅक्टर असेल त्याला २५५४ने भागलं की बाकी एक उरते. म्हणजे चोर आहे हे पक्कं, चाल माहितीये, चेहरा नाही. बाबा म्हणतात, "दिस-रात पंखा फिरतोय. त्यो आकडा काय दूध देतोय का?" नाही देत. तरी प्लग काढायचा नाही.

२. स्कूटी आईला. मामाला चालवायला द्यायची नाही. मागच्या वेळी आरसा तोडून "आधीच तुटलेला होता" म्हणाला.

३. मंडईजवळ भरणाऱ्या आमच्या मॅथ्स सर्कलमधला माझा पार्टनर सुदर्शन, याला काहीही नाही. पेनसुद्धा नाही. प्रोग्राम मी लिहिला. त्याने आमच्या या शोधाचं पोस्टर केलं, वर स्वतःचं नाव, आणि तळाशी "विजेबद्दल आभार: उत्कर्षा". विचारलं तर म्हणे, "अगं, नाव आहे ना तुझं? अजून काय पाहिजे?"

४. आता माझी खरी इस्टेट. शोधाच्या प्रत्येक प्रयत्नाला एक सुरुवातीचा आकडा लागतो. आकडा तोच, तर प्रयत्नही तोच, उत्तरही तेच. सुदर्शन माझा फोल्डर स्वतःच्या मशीनवर कॉपी करत होता तेव्हा मी बजावलं होतं, "आकड्यांची यादी नवीन बनव." "हो गं, येतं मला," म्हणाला. मागच्या आठवड्यात दोघांच्या फाइल्स शेजारी ठेवल्या. एका ओळीत एक प्रयत्न, अशा अकरा हजार ओळी, एकूण एक सारख्या! साहेबांनी चौदा महिने माझेच प्रयत्न पुन्हा केलेत. पोस्टरवर मात्र दोघांचे मिळून बावीस हजार प्रयत्न.

या दोन्ही फाइल्सचा पेनड्राइव्ह सर्कलच्या श्रद्धाताईंकडे सीलबंद ठेवलाय. त्यांनी तो मंगळवारी सगळ्यांसमोर उघडावा, मी असो वा नसो.

५. सोमवारीच सुदर्शनचा चेन्नईला रिसर्चसाठी इंटरव्ह्यू आहे. तो बावीस हजार सांगणार. तिथे कुणी फाइल मागितली की दोन मिनिटांत उघडा पडणार. काल मला फोन करून म्हणाला, "घाबरू नकोस, मी फॅक्टर शोधतो, तू झडप बघ." मी "बरं" म्हणाले आणि ठेवला.

ठिकाण: पुणे. शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५.
सही: उत्कर्षा हिं. खांदवे
साक्षीदार: सलिल (शेजारी), रुपाली (कॉलेजची मैत्रीण). दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, म्हणूनच बोलावलंय.

सही करताना रुपाली म्हणाली, "आज सांगितलंस तर त्याला पोस्टर बदलायला दोन दिवस मिळतील." सलिल म्हणाला, "विजेबद्दल आभार विसरलीस का?" फोन माझ्या हातात आहे. हे वाचणाऱ्यांनो, तुम्ही लावला असता?