पाच किलो बोरं आणि तीन पोरं

संक्रांतीनंतरचा रविवार, संध्याकाळ

नातवाचं बोरन्हाण झालं एकदाचं. बाळाच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतायचे आणि आजूबाजूच्या पोरांनी लुटायचे, एवढंच तर असतं. मी आपली जुन्या सवयीने पाच किलो बोरं आणली. आमच्या गल्लीत बोलवावं लागायचं नाही, पोरंच पोरं. इथे मुलाकडे, कानडी मुलखातल्या मारतहळ्ळीत चौदा मजल्यांची इमारत. सून मेघा दारोदार फिरून आली.

"आई, लहान मुलं तीनच आहेत. त्यातलं एक झोपलंय."

"आणि कुत्री किती?"

"अकरा."

घ्या! पाच किलो बोरं काय कुत्र्यांना घालू? लुटायला कोणी नसेल तर बोरन्हाण कसलं, नुसता केर. खोटं कशाला लिहू, जीव खट्टू झाला.

शेजारच्या गौरक्का म्हणाल्या, "स्वल्प थांबा हो," आणि मजल्यावरच्या सगळ्यांना गोळा करून आल्या. सगळे तिशीतले, कंपनीवाले, बिनपोरांचे. आधी लाजले. पण मी बोरं ओतली तसे असे तुटून पडले, की नातू रडायचा थांबून बघतच राहिला. एकाने तर बायकोच्या हातातलं बोर हिसकावलं!

समोरची पुण्याची श्रुती, लग्नाला सहा वर्षं झाली, ओढणीत बोरं भरून खिदळत होती. मला कुठलं राहवतंय? "तुझं कधी गं" म्हणायला तोंड उघडलं, तर तिने माझ्याच तोंडात बोर कोंबलं.

गोड होतं. बी काढेपर्यंत विचारायचं राहूनच गेलं.