ताईच्या दंडाचा काप

३ जानेवारी

ताईला आज वरच्या फळीवरचा डबा काढता आला नाही! हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग तिने डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून रेटा दिला. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाली, "खांदा आखडलाय. तू तुझा चहा पी."

तेवीस वर्षं लाँड्रीत इस्त्री फिरवलेला हात. आखडलाय म्हणे!

९ जानेवारी

मालकाने तिला इस्त्रीवरून काढून कपड्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं. ती घरी आली. छकुलीने — माझी लेक, सहा वर्षांची — हात पसरले, "आत्या, उचल!" ताई खालीच बसली आणि तिला मांडीवर घेतलं. "आता कसली उचलतेय, घोडी झालीस की!" छकुली खिदळली. मला हसू येईना.

१७ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, दंडातला वाटाण्याएवढा तुकडा काढून तपासू. म्हणजे तो आमच्याच प्रयोगशाळेत येणार. एकोणीस वर्षं मी हेच करतोय — तुकडा गोठवायचा, पातळ काप काढायचा, रंगवायचा, काचेवर ठेवून निदान करणाऱ्या मॅडमसमोर सरकवायचा. नमुन्याला नंबर असतो. नाव मी कधी बघितलंच नाही.

२२ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, "हा तुम्ही करू नका. दुसऱ्याला सांगते."

म्हटलं, "दुसरा रेंगाळतो. गोठायला वेळ लागला की आत बर्फाचे खडे धरतात, तंतूंना भोकं पडतात. मग काय, पुन्हा तिचा दंड कापायचा?"

त्यांनी नमुना माझ्याकडे सरकवला.

काप पहिल्याच फटक्यात नीट निघाला. नवलच!

२३ जानेवारी

बघायचं नव्हतं. बघितलं.

निरोगी स्नायूचा आडवा काप फरशी बसवल्यासारखा दिसतो. तंतू कोनाला कोन भिडवून बसलेले, साधारण एका मापाचे. प्रत्येकाची केंद्रकं कडेला. ताईचे तंतू गोल झालेत. एक सुजलेला, शेजारचा वाळलेला. केंद्रकं कडा सोडून मधोमध आलेली. आणि फटींतून चरबी — जिथे ओढणारं काही असायला हवं तिथे नुसती भर!

शिकाऊ होतो तेव्हा सर सांगायचे, स्नायूला ढकलता येत नाही. तो आखडतो आणि ओढतो, बस. आपण भिंतीला धक्का देतो तेव्हाही आत कुठला तरी स्नायू हाड ओढतच असतो. तेव्हा गंमत वाटली होती.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ताई अठराची. वडील तर मला आठवतच नाहीत. तिथून तिने मला ओढत इथवर आणलं. शाळा, कॉलेज, नोकरी, माझं लग्न. स्वतःचं केलं नाही. माझ्यामुळेच — ती कधी बोलली नाही, पण मला काय कळत नाही?

२४ फेब्रुवारी

आता केसही विंचरता येत नाहीत. आज हिने वेणी घालून दिली. ताई म्हणाली, "कापूनच टाक गं. नाहीतरी मला कोण बघायला येणारंय!" दोघी हसल्या. मी उठून बाहेर गेलो.

२ मार्च

रक्ताचाही अहवाल आला. डॉक्टर समजावून सांगत होते — आजार घराण्यातून येतो, औषध नाही, हळूहळू वाढेल. हृदयाचा स्नायू चांगला आहे. तो वेगळ्याच जातीचा स्नायू असतो, हे मला माहीत होतं, तरी दोनदा विचारलं.

"आईला असं काही होतं?"

"होतं," ताई म्हणाली.

मला पत्ताच नाही! मला आठवते ती आई कायम पलंगावर, पाठीशी उशी.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "सख्ख्या भावंडांत निम्मी शक्यता. तुम्हीही रक्त तपासून घ्या. मूलबाळ?"

एक आहे म्हटलं. ताई फरशीकडे बघत होती.

५ मार्च

आरशासमोर हात वर करून बघतो. डावा कमी जातो का? जिना चढताना मांडीत काही होतं का? आज छकुली झाडाच्या फांदीला लोंबकळत होती. मी इतक्या जोरात ओरडलो, "उतर खाली!" की ती रडायलाच लागली. ही म्हणाली, "अहो, झालंय काय तुम्हाला?" सांगितलं नाही. ताई खिडकीतून सगळं बघत होती.

९ मार्च

उद्या सकाळी रक्त द्यायचं. जेवण गेलं नाही.

१० मार्च

दारातच ताईने अडवलं. "जाऊ नकोस. तुला नाही होणार. छकुलीलाही नाही."

"तुला काय माहीत?"

"शेजारच्या खोलीतली बाई बाळंतपणात गेली. मागे कुणी नव्हतं. बाळाला घ्यायला आईचे हात उठत नव्हते, म्हणून मीच उचलून आणलं तुला." मग म्हणाली, "कधीच सांगणार नव्हते रे. पण तू फार घाबरलास."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. छकुली वाचली. ताईला वाटलं, मी त्याच आनंदाने रडतोय.