सुभाषच्या मांडवाची मुहूर्तमेढ

मु. न्यू हॅम्पशायर, अमेरिका
१६ फेब्रुवारी १९९२

चि. आनंदास दादाचे अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? जनीचा खोकला थांबला का? धाकटीला दात आले असतील. तुझी झोप कशी आहे, ते मात्र खरं लिही.

मी रमेशकडे मजेत आहे. अंगणात बर्फाच्या राशी पडल्यात, आपल्या मिठागरासारख्या. चिमूटभर चाखला, तर सूनबाई हसली.

परवा इथे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान आहे. खुर्चीवरच्या राष्ट्राध्यक्षासमोर त्याच्याच पक्षातले उभे आहेत. तरी तो एवढ्याशा राज्यात येऊन, थंडीत लोकांचे हात हातात घेतो. टीव्हीवर पाहिलं नि तू आठवलास.

चुलतभाऊ असून सुभाषने सोसायटीत तुझ्याविरुद्ध फॉर्म भरला, म्हणून त्याच्या पोरीच्या लग्नाला जाणार नाहीस म्हणतोस. अरे, अध्यक्ष तू बारा वर्षं आहेस, तिचा काका तर जन्मापासून आहेस. मुहूर्तमेढ घरातला मोठा रोवतो. मी इथे अडकलोय, मग तूच ना? जा, आणि तिथे मतांचं काढू नकोस.

पत्र लवकर टाक. मेढ रोवलीस का, ते आधी लिही. निवडून कोण आलं ते मागाहून, कागदावर जागा उरली तर.

तुझा दादा,
अनंता