बाहेर राहिलेले डॉक्टर

बाबा, तुमच्या नर्सिंग होमची खरेदी आपल्या स्वयंपाकघरात ठरायची. विरार पूर्वेतले चार-दोन डॉक्टर ओपीडी आटोपून यायचे, आई पोहे करायची, आणि सलाइन, हातमोजे, टाके घालायचा दोरा, सगळं एकत्र घ्यायचं ठरायचं. एकट्यादुकट्या दवाखान्याला कंपनीवाले दारात उभं करत नाहीत, सगळे मिळून गेलो तर खुर्ची देतात, असं तुमचं ठाम मत. सातिवलीच्या गोदामातून खोकी आली की तुमची कॉलर ताठ व्हायची. नाक्यापलीकडचे एक डॉक्टर तेवढे आले नाहीत. माझं मी बघेन, म्हणाले. तेव्हापासून तुम्ही त्यांना आडमुठे म्हणायचात, लग्नाकार्यात समोर आले तर तोंड फिरवायचात. मला तुमचंच बरोबर वाटायचं. खरं सांगते, अजूनही बरंचसं वाटतं.

मग ती मिठागराकडची बाळंतीण आली. मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत तुमच्या हाताखाली. रक्त पुष्कळ गेलेलं, सलाइन चालू आहे, आणि ती हुडहुडी भरून थरथरू लागते. सासू पलंगाची दांडी धरून म्हणते, "डॉक्टर, पानी बदला. पोरीला सोसत नाय." तुम्ही बाटली काढून दुसरी लावता, पुन्हा तेच. आलेला मालच खराब होता. पूर्वी अशा वेळी शेजारणीकडून साखर आणावी तसं आपण बाजूच्या दवाखान्यातून सलाइन उसनं आणायचो. तुम्ही एकेकाला फोन लावता, आणि प्रत्येकाकडे तोच माल, त्याच गोदामातला. शेवटचा फोन संपला तरी तुम्ही रिसीव्हर धरूनच उभे होतात. तुम्हाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

तुम्हाला तिच्याजवळून हलता येत नव्हतं, म्हणून मला पाठवलंत, नाक्यापलीकडच्या त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही. त्यांनी वेगळीकडून घेतलेल्या सलाइनची खोकी रिक्षात टाकली आणि स्वतःही बसले. तुम्ही दोघं त्या पलंगाशी उभे राहिलात आणि बाई वाचली. ते निघाले तेव्हा तुम्ही दारात त्यांचा हात धरलात. "तुम्ही आमच्यात येऊ नका," म्हणालात. "कुणीतरी बाहेर असायला हवं." त्यांना चहा विचारायचंही तुम्हाला सुचलं नाही.

आता गट पुष्कळ मोठा झालाय आणि तुमचं काम माझ्याकडे आहे. ते डॉक्टर थकले, दवाखाना त्यांची सून चालवते. एकटीला माल परवडेना, म्हणून काल ती माझ्याकडे आली. तुमचं ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण तिला नको म्हणणं म्हणजे दवाखान्याला कुलूप लाव म्हणण्यासारखंच. मी तिला गटात घेतलं. आम्ही हल्ली दोन ठिकाणांहून माल घेतो, वापरण्याआधी तपासतो, हे सगळं मी तिला नीट समजावलं आणि ती समाधानानं गेली.

हे दुसऱ्या कुणापाशी बोलता येत नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहितेय. ती गेल्यावर मी बसल्या जागी विचार करत होते, उद्या तशीच वेळ आली तर कुणाला पाठवू, आणि कुणाकडे? गटाबाहेरचं एकही दार आठवेना. बाबा, मला भीती वाटते.