धाकटीचं अ‍ॅव्हरेज

१२ जून, गुरुवार

गाडीच्या स्पीडमीटरचा काटा शेवटी हलला. दिलावरभाई फिटरनं केबल बदलून दिली. इतकी वर्षं नुसत्या आवाजावर चालवत हुतो. म्हणला, "लिख के रखो दत्तूभाई, नै तो सब हवा की बातां." म्हणून आजपासून लिहितोय.

कशासाठी, ते पण लिहून ठेवतो. बायकोचा काल फोन, सुमनचा. "अहो, बास झालं की आता. विका ती धाकटी, अन् या हिकडं." धाकटी म्हणजे माझी गाडी, सहा टायरची, जुनी. ही तिला सवत म्हणते. नातीला सांभाळायला म्हणून ही पुण्याला पोराकडं, प्रशांतकडं गेली ती तिकडचीच झाली. मी हितं सोलापुरात, शुक्रवार पेठेत, एकटा. मी म्हणलं, गाडीत अजून दम हाय. तर म्हणती, "दम कसला? डिझेल पिती नुसती. लिटरला पाच किलोमीटर दिलं तर ठेवा. न्हाय दिलं तर दसरा झाला की विकायची अन् पुण्याला यायचं. बोला."

मी व्हय म्हणून बसलो.

सध्या चार देतीय. कशीबशी.

१९ जून, गुरुवार

माल नेहमीचाच, चादरी न् टॉवेल. सोलापूर ते हैदराबाद. पद्धत ठरवली. हिकडं आपला एकच पंप, तिकडं एकच. टाकी तोंडापर्यंत. गाडी दर खेपेला त्याच जागी उभी करायची, एका अंगाला कलली तरी डिझेल कमीजास्त बसतं. पंपावरचा पोरगा वैतागला, "काका, अजून किती थेंब?" म्हणलं, तुझं काय जातं रे, ओत.

जाताना काटा ६० वर धरला. अ‍ॅव्ह. ४.१. येताना ६५. चारच्या खाली. इंजिन बोंबलतंय नुसतं.

३ जुलै, गुरुवार

जाताना ५०. अ‍ॅव्ह. ४.८! येताना ६०. पुन्हा चारच्या खाली. म्हणजे हळू चालवण्यातच खरं हाय.

पण हळू चालवायचं म्हणजे काय, ते आज कळलं. उमरग्याच्या ढाब्यावर आमची सगळी सोलापूरची ड्रायव्हर मंडळी दुपारी जेवायला थांबती. मी पोचलो तवर सगळे जेवून निघून गेलेले. ढाबेवाला म्हणला, "तुमचीच चौकशी चालली हुती. म्हणले, दत्तूतात्याची गाडी बंद पडली काय कुटं?" एकटाच जेवलो. पोळीचा तुकडा मोडला अन् तसाच धरून बसलो.

१० जुलै, गुरुवार

जाताना ४५. अ‍ॅव्ह. ५.१.

पाच पॉइंट एक! नळी लावून पंपावरच हसत हुतो. गाडीच्या बोनेटवर थाप मारली. सांगायला शेजारी कोण न्हाय. दिलावरभाईला फोन केला, लागला न्हाय. हिला लावला, तर नातीला आंघोळ घालत हुती, म्हणली, "मग बोलते." मग काय बोलली न्हाय. विसरली असंल.

येताना घाई हुती, ५५ नं आलो. ४.१.

१७ जुलै, गुरुवार

जाताना ४०. वाटलं, अजून वाढंल. कसलं काय. टॉपमध्ये ओढंना, घरघर करती, धक्के मारती. खालचा गिअर टाकावा लागला. अ‍ॅव्ह. घसरलं. मागनं हॉर्नवर हॉर्न. एक टँकरवाला बरोबरीला येऊन ओरडला, "ओ काका, ढकलू का?"

म्हणजे ४५ च. ठरलं.

२७ जुलै, रविवार

नातीचा वाढदिवस म्हणून पुण्याला गेलो. नवव्या मजल्यावरचं घर. ओवी मांडीवर बसली, माझ्या मिशा ओढल्या. लई बरं वाटलं. मग ती टीव्हीपुढं गेली. प्रशांत कामाच्या फोनवर, सूनबाई लॅपटॉपवर, ही स्वयंपाकात. मी गॅलरीत. लांब हायवे दिसतो तिथनं. कुठली गाडी किती स्पीडनं चाललीय ते बघत बसलो. प्रशांत आला, म्हणला, "बाबा, आत या की." आत जाऊन काय करू? सोफ्यावर बसलं की वाटतं, कुणाची तरी वाट बघायला बसलोय.

मी निघताना सुमन म्हणली, "पाच देतीय म्हणता ते जातानाच की. येतानाचं काय?" म्हणलं, येताना स्पीड जास्त हुता. ती म्हणली, "मग येताना पण तसंच चालवून बघा. गाडी काय एकाच अंगानं चालती व्हय?"

हिचं हे असंच. बरोबर असतं म्हणून जास्त राग येतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

जाताना ४५, येताना पण ४५. माल सारखाच, येताना तिकडनं पोती भरली, वजन तेवढंच.

जाताना ५.१. येताना ४.३.

नोझल बिघडलं? टायरमधी हवा? सगळं तपासलं. हवा बरोबर. फिल्टर स्वच्छ. काय कळंना.

१० ऑगस्ट, रविवार

आज डोस्क्यात उजेड पडला. गच्चीवर धुतलेला टॉवेल घातला हुता. अर्ध्या तासात गायब. शेजारच्या चन्नम्माकाकू जिन्यातनंच ओरडत आल्या, "दत्तू, चिमटं लाव की रे! तुझा टॉवेल माझ्या डोक्यावर!" काकूंची गच्ची आमच्या पूर्वेला. टॉवेल दर वेळी तिकडंच जातो. पावसाळाभर वारं मावळतीकडनं येतं.

अन् हैदराबाद पण पूर्वेला! जाताना वारं पाठीत ढकलत हुतं, येताना तोंडावर. त्यात ताडपत्री फुगलेली. मी आपला ४५ चा जयजयकार करत बसलो. इतकी वर्षं स्टेअरिंग धरलं, अन् वाऱ्याचा हिशोब न्हाय. गाढव गाढव म्हणतात ते मीच.

सुमनला सांगितलं. हसली हसली! "अहो, अख्खा संसार मी त्या काकूंच्या गच्चीतनं कपडे आणले. मला इचारायचं हुतं की!" फोनवर कितीतरी दिवसांनी हसली तशी.

फोन ठेवल्यावर घर लईच गप्प वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

जाऊन-येऊन मिळूनच मोजायचं, असं ठरवल्यापासून चार खेपा झाल्या. ५५ ला ४.४. ५० ला ४.६. ४५ ला ४.७. ताडपत्री घट्ट बांधली, दोरी नवी घेतली, तरी ४.७ च. पाचाला टेकंना.

दसरा जवळ आला. गिऱ्हाईक येऊन गाडी बघून गेलं. टायरला लाथ मारून बघितली त्यानं. मला आवडलं न्हाय.

पुण्याला जायचं म्हणजे भांडी कुणाला द्यायची, खोलीची किल्ली कुणाकडं, असलं मनात येतं. मधेच वाटतं, बरंच की. सकाळी कुणीतरी चहा घेतला का म्हणून इचारंल. अन् मधेच वाटतं, गॅलरी. नुसती गॅलरी.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सुमन काल आली. एकटीच. गाडीची पूजा तिनंच केली. स्टेअरिंगला हळदकुंकू, टायरखाली लिंबू, पुढं झेंडूचं तोरण. गाडीला म्हणली, "लई वर्षं माझा नवरा ठेवून घेतलास बाई." मग पदरानं काच पुसली.

उद्या दसरा. परवा हैद.चा माल हाय, शेवटची खेप. म्हणली, "मी पण येते. धाकटीला पोचवायला."

३ ऑक्टोबर, शुक्रवार. जहिराबादच्या अलीकडं

गाडी बाजूला लावून लिहितोय, ही शेजारी बसलीय. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. धक्का बसला की हिला मळमळतं, म्हणून ब्रेक मारायचाच न्हाय असं चालवतोय. पुढं गाडी दिसली की लांबनंच पाय काढायचा, उतार आला की आपोआप जाऊ द्यायची. बोलत हुती. प्रशांत लहानपणी केबिनमधी झोपायचा ते. ओवीला दाढ आली ते. तिलाही तिकडं दुपारी कंटाळा येतो, ते. हे कधी बोलली नव्हती.

ढाब्यावर आमची मंडळी भेटली. सगळे उठून उभे राहिले वैनींना. आज उशीर कसा झाला न्हाय, कळलं न्हाय.

वारं पडलंय. झाडाचं पान हलत न्हाय.

५ ऑक्टोबर, रविवार

काल आलो. आज सकाळच्या गाडीनं सुमन पुण्याला गेली. स्टेशनावर म्हणली, "टाकी भरली की सांगा. खरं सांगा हां. गिऱ्हाइकाला मंगळवारी बोलवलंय." खिडकीतनं हात हलवला. मी तिथंच उभा राहिलो, डबे संपून पटरी मोकळी झाली तरी.

तिथनं पंपावर गेलो. गाडी त्याच जागी लावली. तोंडापर्यंत भरली. पोरगा म्हणला, "बास काका, लवकरच भरली की आज."

जाऊन-येऊन ५.३.

तीनदा हिशोब केला. ५.३ च. वारं नव्हतं, माल तेवढाच. स्पीड किती हुता म्हणून आठवायला बसलो, तर आठवंना. काट्याकडं बघितलंच न्हाय सगळ्या वाटेत. हिच्याकडं बघत हुतो.

जिंकलो म्हणायचं. गाडी राहिली. म्हणजे मी पण हितंच राहिलो, अन् ती तितं. खरं सांगितलं तर असं. अन् ४.७ सांगितलं तर मंगळवारी धाकटी जाती, अन् मी गॅलरीत.

अन् पुढच्या खेपेला शेजारची सीट मोकळी असताना ही ५.३ देती का, ते तर माहीतच न्हाय.

घरी आलो. केबिनमधनं तिचा डबा आणला, धुतला. चटणी थोडी उरली हुती, ती वाटीत काढून ठेवली.

मोबाइलवर तिचा मेसेज आलाय. "पोचले. किती आलं?"

दोनदा आकडा लिहिला, दोनदा पुसला. अजून पाठवला न्हाय.