लिफ्टवाल्यांचा नवा साहेब

३ जून, सोमवार

झालो एकदाचा प्रमुख! आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या टोळीचा. दाढी, टिल्लू, मास्तर आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो. पाच वर्षं एकमेकांच्या डब्यात हात घातले. आता त्यांना कामं मी वाटायची. मॅनेजर म्हणाले, तुझं डोकं थंड आहे. बाहेर आलो तर दाढीने खुर्ची पुसून दिली — "बसा, साहेब." सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं का?

६ जून

दाढीला शाळेच्या लिफ्टवर जायला सांगितलं. म्हणाला, तूच जा की, तुझ्या पायांना काय मेंदी लावलीय? गेलो मीच. दोनदा सांगण्यापेक्षा एकदा करणं सोपं.

१० जून

ताईचा फोन. ती हॉस्पिटलात वीस नर्स सांभाळते. तिच्या मते मी सांगतच नाही, विचारतो. प्रत्येक वाक्याला 'चालेल ना?'चं शेपूट!

११ जून

शेपूट कापलं. दाढी अर्धा तास उशिरा आला, त्याला सगळ्यांसमोर झापलं. बोलताना माझाच आवाज मला परका वाटला. दुपारी तिघं डबे घेऊन जिन्यात गेले.

१२ जून

एकट्याने जेवलो.

१९ जून

दाढी मेन स्विच बंद न करताच लिफ्टच्या छतावर चढला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट निघाली. मी धावत जाऊन स्विच पाडला — वरची तुळई त्याच्या डोक्यापासून वीतभर राहिली होती. उतरला तो पांढराफटक.

अशी चूक लेखी कळवायची, माणसाला आठवडाभर घरी बसवायचं — नियमच आहे. दाढीने विचारलं, "लिहिणार आहेस?"

नाही लिहिलं.

संध्याकाळी त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. चौघांनी एकत्र चहा घेतला. किती दिवसांनी! बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२० जून

अहवालाचा कागद तीनदा काढला. तीनदा परत ठेवला.

२५ जून

आज टिल्लू तसाच चढला. स्विच चालूच. मी खालून ओरडलो, आधी उतर. त्याने वाकून पाहिलं. "दाढीला चालतं, मग मला का नाही?"

मी उत्तर शोधत उभा राहिलो. स्विचकडे धावायचं सुचलंच नाही. तेवढ्यात लिफ्ट हलली.

टिल्लूच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. डॉक्टर म्हणतात, वाचणार नाहीत. त्याची बायको दवाखान्यात माझ्याशेजारीच बसली होती.

२६ जून

मॅनेजरना म्हणालो, मला हे पद नको. कारण विचारलं. दाढीचं नाव ओठांवर आलं, गिळलं. ते म्हणाले, उद्या तुझ्या माणसांशी बोलतो.

२७ जून

मॅनेजरनी दोघांना आत बोलावलं. दाढी म्हणाला, प्रमुख म्हणून त्यालाच ठेवा — आणि एकोणीस तारखेचं स्वतःच सांगून आला.

मग माझ्यासमोर कोरा कागद ठेवला.

"आता लिही. आधी माझी चूक, मग तुझी."

लिहिलं. त्याने प्रत्येक ओळ वाचली, सही केली आणि आठवडाभरासाठी घरी गेला.